टॉवेल कोण टाकतो?

मंडळी, आज एक प्रश्न टाकतो. माघार घेणारा माणूस भित्राच असतो का? — अहो, लगेच माना डोलावू नका! जरा विचार करा.

माघारीला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. विंचू नांगी टाकतो. फौज शस्त्रं खाली ठेवते. पोराच्या हट्टापुढे आई हात टेकते. आणि नवरा? — हे बघा, पेटीवाले आधीच हसले! अनुभव दांडगा आहे! इंग्रजीत म्हणतात, टॉवेल टाकला. शब्द आला बॉक्सिंगच्या रिंगणातून, आणि आता कुठंही चालतो. परवाच्या पंगतीत जिलब्यांची परात रिकामी होत आली, तेव्हा कुठं आमच्या तबलजींनी टॉवेल टाकला!

पण यात एक मेख आहे बरं का. विंचू स्वतःची नांगी स्वतः टाकतो. टॉवेल मात्र लढणारा टाकत नाही! तो टाकतो कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस. मार खायचा यानं आणि हार कबूल करायची त्यानं! आता ऐका.

अकोल्यात एक शालिग्राम तायडे होता. पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. आईबाप लवकर गेले, धाकट्या वासुदेवाला यानंच भरवलं, न्हाऊ घातलं, यानंच ठोसा मारायला शिकवलं. वासू मोठा झाला आणि राज्य स्पर्धेच्या शेवटच्या लढतीत उतरला. कोपऱ्यात कोण? शालिग्राम! खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली.

दुसरी फेरी संपली. वासू गुणांनी पुढं होता! घंटा वाजली, मिनिटभराची विश्रांती. वासू वळला आणि चालत गेला — कुठं? समोरच्या पोराच्या कोपऱ्यात! त्याच्याच स्टुलावर टेकायला लागला! लोक खो खो हसले. पंचानं खांद्याला धरून त्याला इकडं वळवलं.

सगळे हसले, शालिग्राम हसला नाही. डोक्याला आतून मार बसला की लढणारा आपला कोपरा विसरतो, हे त्याला ठाऊक होतं.

“वासू, मायचं नाव काय रे आपल्या?”

“सोड नं दादा! जिंकून राहिलो मी!”

नाव नाही सांगितलं, मंडळी! घंटा वाजली. भावाचा हात झटकून वासू पुढं गेला. त्याला पहिला ठोसा बसायच्या आत रिंगणात टॉवेल येऊन पडला.

मग काय! लढत गेली. वासू अंगावर धावून आला, “मी पडलो होतो काय? सांग नं, पडलो होतो? भरोसा नव्हता तुले माह्यावर!” शालिग्राम तोंड उघडतो तोवर हा पाठ फिरवून चालता झाला. त्यानं थेट सुरत गाठली. फोन केला तर “वासू...” एवढंच ऐकून तिकडून कट्!

अहो, भाऊ गेला असता तर रडून मोकळा झाला असता माणूस. हा जिवंत होता, आणि नव्हता! सुरतेकडून येणाऱ्या गाडीची वेळ झाली की शालिग्राम काहीतरी काम काढायचा. स्टेशनबाहेर चहा घ्यायचा, उतरणाऱ्यांची तोंडं बघायचा आणि चहा न संपवता घरी यायचा. रोजच्या रोज! बायको वच्छला एकदा कळवळून म्हणाली, “आता तरी टाका नं टॉवेल! नाही येत तो.”

शालिग्राम म्हणाला, “तिथं त्याचा जीव जात होता. इथं माहाच जाते. जाऊ दे.”

बघा मंडळी! रिंगणात एका क्षणात हरला तो हा माणूस. वाट बघण्यात मात्र हटेना!

केस पिकले. एका दुपारी तालमीच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं. शालिग्रामनं ओळखलं.

वासू दारातूनच बोलला. “दादा, मीही शिकवतो आता. काल माह्याकडची एक पोरगी फेरी संपल्यावर दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसली. मी लढत थांबवली. मंग विचारलं, तिकडं काहून गेलती? तर म्हणे, कधी? मी नाही गेली.” त्यानं उंबरा ओलांडला. “दादा, मी कोन्या कोपऱ्यात गेलतो त्या दिवशी?”

“तिकडच्या.”

“मंग सांगितलं काहून नाही मले?”

“कोनाले सांगू? तू थांबलाच नाही.”

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले हो! पण मंडळी, मधली वर्षं? वासूच्या लग्नात अक्षता टाकायला भाऊ नव्हता. शालिग्रामची लेक सासरी गेली, तिला काका नव्हता. ती वर्षं कोण आणून देणार?

आता तुमच्याकडे वळतो. खाली बघू नका! तुम्हालाही कुणीतरी कधी मागं ओढलंय — बापानं, बहिणीनं, मित्रानं. तुम्ही म्हणालात, यानं माझं वाटोळं केलं. आणि बोलणं टाकलंत. त्यानं तेव्हा काय पाहिलं होतं, विचारलंत कधी?

टाळ वाजवू, देवाचं नाव घेऊ, सगळं करू. देव कुठं पळून जात नाही. तुमचं माणूस मात्र म्हातारं होतंय. आधी त्याला फोन लावा!