रविवारच्या पट्टीवरचे शेवटचे चित्र

दिनांक १२/०१/२०२६

मी, संघरत्ना बुधाजी रोकडे, वय ५१ वर्षे, धंदा – नोकरी (विशेष शिक्षिका), शिक्षण – एम.ए. (संस्कृत) व विशेष शिक्षण पदविका, राहणार आटगाव, ता. शहापूर, जि. ठाणे. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी आटगावजवळच्या स्वमग्न मुलांच्या निवासी शाळेत अकरा वर्षे शिकवते. न बोलणाऱ्या मुलांना काय शिकवता, असे आपण विचारलेत. संस्कृतात एम.ए. केल्यावर समोरून उत्तर न येण्याची सवय होते, असे मी सांगितले. हे लिहायचे का, असे हवालदार साईनाथ यांनी विचारले. लिहायला हरकत नाही.

मयत कु. ठकू जाणू वाघ, वय ११, ही चार वर्षांपासून शाळेत होती. तिला बोलता येत नव्हते. वडील हयात नाहीत. आई जना ही मुरबाडकडची असून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते.

प्रत्येक मुलाच्या खाटेजवळ भिंतीवर दिवसाची पट्टी असते. आंघोळ, नाश्ता, वर्ग, जेवण अशी चित्रे तिच्यावर ओळीने लावतो. काम झाले की मूल ते चित्र काढून डब्यात टाकते. पट्टीवरचे चित्र खोटे पडता कामा नये, हा नियम माझा. मुलाने आपणहून चित्र हातात दिले तर ते त्याचे बोलणे समजावे आणि मागेल ते द्यावे, हाही माझाच. स्वयंपाकीणबाईंपासून फाटकावरचा रखवालदार वाळू याच्यापर्यंत सर्वांकडून मी हे पाठ करून घेतले होते.

शुक्रवारी जनाचा फोन आला. "बाई, रविवारी जेवणाच्या टायमाला येते. संक्रांतीला पोरीला नेते." त्यावरून मी रविवारच्या पट्टीवर जेवणानंतर आईचा फोटो लावला.

काल रविवारी १२.५० वाजता ठकूचे जेवण झाले. जना आली नव्हती. अशा वेळी 'आज नाही' हे चित्र लावायचे असते. ते माझ्याजवळ होते. मी लावले नाही. कारण विचारल्यावरून सांगते की, मागच्या वेळी ते चित्र पाहून ठकूने स्वतःचे मनगट रक्त येईपर्यंत चावले होते. शिवाय जना येणारच होती. मी ठकूला म्हटले, "थांब गो, तुझ्यासारखी वेळेची पक्की तुझी आय नाय." ती हसत नसे. मी तरी तिची थट्टा करीत असे. मग लहान मुलांना भात वाढायला मी आत गेले.

अंदाजे १.०५ वाजता ठकू पाठीला पिशवी लावून फाटकाशी गेली व तिने आईचा फोटो वाळूच्या हातात दिला. वाळूने मला सांगितले ते असे: "बाई, मला वाटलं, आय भायेर उभी हाय. तुमीच सांगलेलं, चित्र दिलं का अडवायचं नाय." त्याने फाटकातले लहान दार उघडले. त्याला कालपासून ठाण्यात बसवून ठेवले आहे. त्याने मी शिकवलेले केले.

आपणहून चित्र दुसऱ्याच्या हातात देणे, हेच मी ठकूला दोन वर्षे शिकवत होते. माझ्याखेरीज तिने ते कोणालाही दिले नव्हते. वाळू पहिला.

एस.टी.च्या फाट्यावर जाताना मायलेकी खाणीच्या तळ्यावर पाय धूत. ठकू त्याच वाटेने गेली. वाटेत शेळ्या चारणाऱ्या धोंडीबाईंनी तिला पाहिले. त्या म्हणतात, "हाक मारली, पण वळली नाय. एवढी शिस्तीत चाललेली, मला वाटलं कोणा मास्तराची पोर." २.२० वाजता तळ्यात ती मिळून आली. चपला काठावर जोडीने ठेवलेल्या होत्या.

जना ३.१० वाजता आली. भट्टीवरून सोडायला उशीर झाला, असे ती आल्या आल्या सांगत होती. ठकू कशी बाहेर गेली, असे तिने विचारले. फाटक माझ्या हातून उघडे राहिले, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "बाई, तुमी तर म्हणायच्या, माझं लक्ष हाय." फाटकाचे मी तिला सांगितले ते खोटे आहे. वर लिहिले ते खरे आहे. ठकू वाट पाहून तिच्याकडेच निघाली होती, हे जनाला सांगितलेले नाही व कोणी सांगू नये, अशी माझी विनंती आहे. तसे लेखी देता येत नाही, असे आपण सांगितलेत.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.

हा जबाब संगणकावर टंकलिखित केला. तो मोठ्याने वाचण्यास हवालदार साईनाथ यांनी सुरुवात केली असता, बाहेरच्या बाकावर जना बसलेली आहे, हे मी निदर्शनास आणले. त्यावरून दार लोटून, उरलेला जबाब त्यांनी माझ्या कानाशी वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/–
संघरत्ना बुधाजी रोकडे