मोताळ्याचं रेल्वे स्टेशन

पुण्याच्या एका गीतकारानं आमच्या तालुक्यावर गाणं केलंय, हे मला मोताळ्याच्या बाजारात कळलं. रशीदभाईंच्या बांगड्यांच्या दुकानात ते जोरात वाजत होतं. गाण्यातली बाई मोताळा स्टेशनवर गाडीतून उतरते आणि फलाटावर सख्याची वाट पाहते.

आता मोताळ्यात रेल्वेच नाही. गाडी धरायला आम्ही मलकापूरला जातो. तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसानं हे ऐकून गप्प बसायचं? नंबर मिळवला आणि फोन लावला.

"साहेब, स्टेशन मलकापूरला आहे."

"हो का? पण मलकापूर चालीत बसत नाही हो."

"चालीत बसत नसेल, गाडी तिथंच थांबते! कधी आला होता इकडे?"

"नकाशा पाहिला होता ना."

"त्यात रूळ दिसले का?"

मीच पुढे म्हटलं, दुरुस्त करा, नाहीतर बातमी छापतो. आठवड्यात नवं गाणं आलं. बाई आता एसटीतून उतरते.

मी छाती फुगवून रशीदभाईंना सांगायला गेलो. त्यांनी हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या.

"हे तुम्ही केलं? काऊन केलं भाऊ?"

"अहो, खोटं होतं ते!"

"मले नाही मालूम? माह्या बापापासून आम्ही रेल्वे मागून राह्यलो. इतके खासदार झाले, एकानं स्टेशन नाही देल्लं. त्या पुणेवाल्यानं फुकटात देल्लं, तर तुम्ही एका फोनात उचलून नेलं!"