सणाचं मीठ

पशुखाद्याच्या गिरणीत खुराक घ्यायला आलेल्या देसांकाच्या पुढे रांगेत एकच गिऱ्हाईक होतं, आणि त्याच्या हातात पोतं नव्हतं.

"बोल रादिसाव. सहा गाईंचा खुराक, नेहमीसारखा?" गिरणीवाल्या ग्वोझ्देननं त्याला विचारलं.

"गाई राहिल्या नाहीत, ग्वोझ्देन. जुर्जेव्दानच्या सणाला दुपारपर्यंत सहाच्या सहा गेल्या."

"अरे देवा! कशानं?"

"दर वर्षी त्या सकाळी धारेआधी आमची स्तानिया त्यांना कोंड्यातून मीठ चारते. तिची आईही चारायची. मिठाशेजारी मी युरियाची पिशवी ठेवली होती."

"गोऱ्ह्यांसाठी नेलेली? अरे, तो मी शंभर किलोला एक किलो घालतो, तोही तीन-तीनदा ढवळून!"

"हिनं मीठ समजून एकेकीला ओंजळभर चारला. वर पाठीवरून हात फिरवत म्हणाली, खा गं बायांनो, आज तुमचा सण."

"आणि तिला..."

"तिला ठाऊक नाही. इथून नेलेला मका बुरसटला होता, असं सांगितलंय मी. ती विचारायला आली तर तूही तेच सांग. बायको आहे माझी, मोडून पडेल रे."

ग्वोझ्देननं हातातलं माप खाली ठेवलं.

"काय झालं? गिरणीचं नाव जाईल म्हणून?"

"नाव जाऊ दे खड्ड्यात. ती काल सकाळीच येऊन गेली. पिशवी काखेत मारून. म्हणाली, चष्मा सापडत नाही, यावर काय लिहिलंय तेवढं वाच."

"तू वाचलंस?"

"मला काय माहीत, रादिसाव! मोठ्यानं वाचलं."

"मग?"

"'बरं' म्हणाली आणि गेली. तुला काही बोलली नाही?"

"बोलली ना. काल जेवताना आपणहून म्हणाली, खरंच हो, मक्याला वास येतच होता."