अमेरिकेच्या टीव्हीवरचा निकाल

तुम्ही हसाल, पण आमच्या सुनीलदादाची अमेरिकेतली मॅच कुंभारवाड्यात अजून जिंकलेलीच आहे. दादा तिथं बेसबॉलच्या मैदानात मॅटिंग टाकून क्रिकेट खेळतो. परवा तिथल्या लोकल चॅनलनं त्यांची मॅच दाखवली. दादाच्या टीमची बॅटिंग संपली, सगळे जेवायला गेले, तर निवेदकानं "एकशे चाळीस विरुद्ध शून्य" म्हणत त्यांना विजयी करून कॅमेरा बंद केला!

जन्मभर क्रिकेट बघितलेल्या काकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, तो व्हिडिओ दाखवत पेढे वाटले.

मी भीतभीत म्हटलं, "काका, दुसरी टीम खेळायची हाय की अजून."

"टीव्हीवाल्यापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय गं?" ते ओरडले. मी दचकून पेढाच पाडला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "बाबा, हरलो आम्ही."

काका कुजबुजले, "ते तिकडंच ऱ्हाऊ दे. हितं पेढे वाटून झाल्यात."