वणव्यावरून आलेली हाक

आंबिवलीच्या दवाखान्यात हेमांगी नंबर लावून बसली होती, पण कान शेजारच्या दोघींकडे होते.

"शेवंती, डोंगरावर वणवा लागलेला, तेव्हा तू होतीस ना?"

"होते तर. पुरुषमंडळी डहाळ्यांनी आग झोडपायला वर गेलेली. आग मागून वळली, धुरात त्यांना दिसेना."

"मग?"

"फॉरेस्टच्या साहेबांनी ड्रोन सोडला. धुराच्या आरपार बघतो गं तो! स्क्रीनवर एकेक माणूस म्हणजे पांढरा ठिपका."

"अगं बाई!"

"त्याला भोंगापण होता. साहेब ओरडले, ओढ्याकडे उतरा. सगळे उतरायला लागले, एक ठिपका लंगडत आगीकडेच. म्हटलं, हे आमचेच."

"ते कुणाचं ऐकतायत!"

"साहेबांनी माईक माझ्या हातात दिला. म्हटलं, अहो, मागे फिरा! तर बाकीचे सगळे नवरे जागीच थांबले."

"आणि तुझे?"

"चाललेत आपले. शेवटी उखाण्याबाहेर पहिल्यांदा नाव घेतलं. दगडू! अख्ख्या आभाळातून माझाच आवाज आला गं."

हेमांगीचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"मग वळले का गं, शेवंती?"

"वळले. घरी आले ते काळेठिक्कर. ताट वाढलं, तर जेवेनात."

"रागावले?"

"नाही गं. म्हणाले, तशी हाक परत एकदा मार."