कोलोसियमचा मिस्त्री

आमच्या बाबांनी रोममध्ये गाइडबाईंना कसं गप्प केलं, ते ऐका. बाबा देऊळघाटचे, जन्मभर गवंडीकाम केलेले. कोलोसियमच्या भिंतीतली भोकं दाखवत बाईंनी विचारलं, "ही कशाची असतील?" कुणी म्हणालं, बंदुकीच्या गोळ्यांची. मी बाबांना मराठीत सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "दगडाले दगड धरून ठेवाचं लोखंड होतं. लोकायनं काढून नेलं."

उत्तर बरोबर निघालं! बाई खूश होऊन सम्राटाचं नाव सांगायला लागल्या.

"राजाचं राहू दे," बाबा मला म्हणाले, "मिस्त्रीचं नाव विचार तिले."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ते कुणालाच माहीत नाही."

बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला. "काम पक्कं केलं हो, भाऊ."