चौथ्या जागेवरचा पास

...नाय नाय, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या, मग हसा! कलिंगड हातातनं सुटलं तर खाली पडतं, बरोबर? पाच किलोचं कलिंगड, खाली डांबर, म्हंजे फट्ट आवाज होतो, लाल पाणी उडतं, शेठ शिव्या घालतो, माश्या येतात... हे सगळं होतं की नाय? मग माझ्या हातनं सुटलं आणि आवाजच आला नाय, तर मी करायचं काय? बायकोला सांगितलं तर म्हणते, "आवं, बीपीची गोळी घेतली न्हवं?" पोराला सांगितलं तर म्हणतो, "पप्पा, एक मिनिट थांबा ना, लास्ट क्वार्टर आहे." आता तुम्हाला सांगतो, तर तुमी हसताय. अहो, पडल्याचा आवाज यायला पायजे की नाय, एवढंच विचारतोय मी.

तर मी बाबासो. गाव कोरेगाव तालुक्यातलं, पण तीस वर्षं झाली घणसोलीत. काम वाशीच्या फळ मार्केटला, माथाडी. उन्हाळ्यात आमची टोळी कलिंगडाच्या गाड्या खाली करते. कशी करते? साखळीनं. पाच माणसं. एक गाडीत, तीन खाली, शेवटचा गाळ्यात थप्पी लावायला. गाडीतल्यानं टाकलं की दुसऱ्यानं झेलायचं, तिसऱ्याला टाकायचं, तिसऱ्यानं चौथ्याला, चौथ्यानं थप्पीवाल्याला. मी तिसरा, बाजीराव चौथा. बावीस वर्षं मी तिसरा आणि बाजीराव चौथा! लग्नाच्या बायकोशेजारी एवढा उभा राहिलो नसेन मी. आणि साखळीत नियम एकच. येणाऱ्या कलिंगडाकडं बघायचं, जाणाऱ्याकडं बघायचं नाय. टाकलं की मान फिरवायची. का? तर तोवर दुसरं नाकावर आलेलं असतं! पुढं माणूस उभा आहे, तो झेलणार, विषय संपला. त्यामुळं तुम्हाला सांगतो, बाजीरावकडं कामात मी कधी बघितलेलंच नाय. मला फक्त त्याची खोड माहीत. कलिंगड पुढं देताना हातातल्या हातात फिरवायचा आणि देठ वर करूनच द्यायचा. थप्पीवाला वैतागायचा, अरे इथं देठ बघायला कोण येतंय का, सरळ दे. पण नाय. देठ वर म्हंजे वर.

तो बाजीराव गेला. ह्याच मे महिन्यात. दुपारी जेवला, गाळ्याच्या सावलीत आडवा झाला, मी हाक मारायला गेलो तर... असो. लय वाईट वाटलं. अजून वाटतं, लपवायचं काय त्यात.

आता आमच्या टोळीची एक रीत आहे. जोडीदार गेला की तेरा दिवस त्याच्या जागेवर दुसरा माणूस उभा करायचा नाय. जागा मोकळी ठेवायची. मग काम कसं चालायचं? तर त्याच्या आधीच्या माणसानं, म्हंजे कुणी? मीच! मी कलिंगड टाकायचं नाय, चार पावलं चालत जायचं, थप्पीवाल्याच्या हातात द्यायचं आणि परत यायचं. चाल, दे, ये. चाल, दे, ये. माझे गुडघे काय सरकारी आहेत का? पहिल्याच दिवशी, विसेक कलिंगडं झाली असतील, आणि हात आपला सवयीनं गेला. टाकलं मी! मोकळ्या जागेवर! आणि नियमाप्रमाणं मान फिरवली. फिरवल्यावर डोक्यात आलं, अरे, तिकडं आहे कोण? डोळेच मिटून घेतले. आता फट्ट होणार... आता होणार... आवाजच आला नाय. हळूच बघितलं, तर थप्पीवाला ते कलिंगड थप्पीत बसवत होता. देठ वर.

मी त्याला विचारलं, तुला कुणी दिलं हे? तो म्हणाला, तूच टाकलंस की. मी टाकलं? दहा फुटावर? अहो माझा उजवा खांदा दोन वर्षं झाली वर जात नाय, सदरा बायको घालते मला! तर तो म्हणाला, बाबासो, तुला ऊन लागलंय, सावलीत बस. सावलीत बसायचा मला सल्ला देतो, त्या गाळ्याच्या सावलीत!

बरं, आता पोराचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाय. विश्वजित माझा ऐरोलीला आयटी पार्कात आहे, रात्रपाळी. सकाळी सहाला घरी येतो आणि बूट काढायच्या आधी टीव्ही लावतो. काय लावतो? अमेरिकेचं बास्केटबॉल. तिकडं म्हणे प्लेऑफ चाललेत. दोन टीम समोरासमोर, सात मॅच, आधी चार जिंकेल तो पुढं, हरेल तो घरी. आणि मॅच एक दिवसाआड. बाजीराव गेला त्याच दिवशी सकाळी पहिली मॅच. आता करा हिशोब, सात मॅच एक दिवसाआड, म्हंजे किती दिवस? तेरा! मी बोटं मोजली आणि बशीतला चहा तसाच ठेवला.

माझी पाळी दहाची, त्यामुळं बघत बसायचो. टीमची नावं जिभेला वळत नायत. कपडे बघून ओळखावं, तर दर मॅचला कपडे बदलतात, एवढे कपडे लग्नात बदलत नायत कोण! म्हणून मी माझी नावं ठेवली. एक टीम एकांडे आणि एक साखळीवाले. एकांड्यांचं कसं, एक उंच बाप्या बॉल घेऊन मधोमध उभा राहायचा, टप टप टप टप... बाकीचे चौघं कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन उभे, कंबरेवर हात ठेवून. चोवीस सेकंद असतात त्यांना, त्यातली वीस ह्याची टप टप. मग शेवटच्या क्षणाला, अंगावर दोन माणसं घेऊन, लांबनं असा उडवायचा. आणि जायचा की हो आत! आणि साखळीवाले? त्यांचा बॉल कुणाच्या हातात टिकतच नाय. ह्यानं त्याला, त्यानं ह्याला, ह्यानं कोपऱ्यात, कोपऱ्यातल्यानं परत आत... समोरच्यांची नुसती पळापळ, आणि शेवटी ज्याच्याकडं कुणाचं लक्ष नाय तो आरामात टाकतो. मी म्हटलं, विश्वा, हे तर आमचंच काम आहे रे!

विश्वजित एकांड्यांच्या बाजूचा. पायावर पाय टाकून मला शिकवतो, "पप्पा, रेग्युलर सीझनमध्ये तुमचे पास चालतात. प्लेऑफमध्ये सात वेळा तीच टीम समोर असते, सगळे पास पाठ होतात त्यांना. तिथं शेवटी एक असा लागतो ज्याला बॉल द्यायचा आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं." मला राग आला. का आला? कारण असलंच म्हणणं मी आदल्या दिवशी मार्केटात ऐकलेलं, आमच्या शेठच्या तोंडून.

हरेश शेठ. तळवलीचा, मूळचा तिथलाच, आता मार्केटात गाळा. माणूस वाईट नाय. पण त्याच्या डोक्यात क्रेट घुसलेले. प्लास्टिकचे क्रेट आणायचे, भरायचे, आणि एकेका माणसानं उचलून न्यायचे, साखळी बंद. आणि त्याचा लाडका स्वराज, आमच्याच टोळीतलं पोरगं, दंड असा, दोन क्रेट एकावर एक घेऊन चालतो आणि वर बघणाऱ्यांकडं बघत चालतो. हरेश शेठ मला म्हणाला, "बाबासोदादा, बाजीराव गेला, तुमचे साखलीत आता भोक परलंय. तेरा दिस थांबतो. मंग नवा मानूस आना, नाय तं क्रेट." आता नवा माणूस कुठनं आणू? आजची पोरं साखळीत उभी राहतात का? त्यांना मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचवायचे असतात! म्हंजे तेराव्या दिवशी साखळी मोडणार. बावीस वर्षं ज्या कामात उभा राहिलो ते जाणार, आणि बाजीराव दुसऱ्यांदा जाणार. मला ते नको होतं. एवढंच होतं माझं म्हणणं, बाकी मला काय अमेरिकेशी देणंघेणं?

आता खरं सांगू? मी रोज टाकायला लागलो. दिवसातनं एकदा, मग दोनदा, मग चालणंच बंद केलं. त्या मोकळ्या जागेवर टाकायचं आणि मान फिरवायची. एकदापण आवाज आला नाय! तुमी म्हणाल, मग वळून बघितलं का नाय? अहो, कसं बघू? बघितलं आणि तिथं कोणच नसलं तर? आणि त्याहून वाईट, असलं तर? थप्पीवाला फक्त एवढंच म्हणाला, की हल्ली तू लय अलगद देतोस, पार बाजीरावसारखं. घरी आलो की बायको, रंगूबाई, विचारायची, जेवताना मान एकाच बाजूला का फिरवता? मी म्हणायचो, लचक भरली.

तिकडं मॅच तीन-तीन. तेराव्या दिवशी सकाळी सातवी मॅच. रंगूबाई देवापुढं दिवा लावतेय, विश्वजित बूट घालून सोफ्यावर, मी जमिनीवर. शेवटचे दहा सेकंद, साखळीवाले एका पॉइंटनं मागं, बॉल त्यांच्याकडं. पहिल्यानं दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं तिसऱ्याला. आणि तिसऱ्यानं, माझ्या डोळ्यांनी बघितलं मी, तिसऱ्यानं न बघता बॉल टाकला तो रिकाम्या जागेवर! तिथं कुणी नव्हतं! मान तिकडं, बॉल इकडं! माझ्या तोंडातनं निघून गेलं, अरे तिथं कोण नाय, तिथं कोण नाय... आणि बॉल पडायच्या आत कुठनं तरी दोन हात आले, घेतला, ठेवला आत. संपली मॅच. साखळीवाले जिंकले.

विश्वजितचं तोंड उतरलं. मी विचारलं, अरे, त्यानं मोकळ्या जागेवर कसा टाकला? तर रिमोट ठेवत सहज म्हणाला, "पप्पा, चांगला पास माणसाला देतच नाहीत. जागेला देतात. माणूस येतो तिथं." आणि आंघोळीला गेला. मी टीव्हीकडंच बघत बसलो. रंगूबाई म्हणाली, "उठा, आज बाजीरावभावजींचं तेरावं हाय, उशीर नगा करू."

तेराव्याला पाया पडून दहाला मार्केटात पोचलो, तर दोन गाड्या उभ्या. हरेश शेठनं सगळं ठरवूनच ठेवलेलं. एक गाडी साखळीची, एक स्वराजची आणि क्रेटची. जे लवकर, तेच पुढं. नवा माणूस आणला का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, गरज नाय, जागा मोकळी राहू दे, आमी चौघं बस. बघणारे जमले, हसले. आणि सुरू झालं की हो! तिकडं स्वराज दोन-दोन क्रेट घेऊन पळतोय, त्याच्या गाडीवरचे बाकीचे तिघं कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघतायत, सकाळी टीव्हीवर बघितलं तस्संच. इकडं आमी. येणाऱ्याकडं बघायचं, जाणाऱ्याकडं नाय. घेतलं, टाकलं, मान फिरवली. घेतलं, टाकलं, मान फिरवली. तीन टन कलिंगड, तुम्हाला सांगतो, एकदापण पडल्याचा आवाज आला नाय. स्वराजची गाडी अर्धी व्हायच्या आत आमची गाडी रिकामी, मागचा फाळका वर!

हरेश शेठ थप्पीपाशी जाऊन उभा राहिला. सगळे देठ वर. त्यानं एका कलिंगडावर हात ठेवला आणि चटकन काढला, का ते मला सांगितलं नाय. मग म्हणाला, साखळी राहील, क्रेट नकोत. जिंकलो आमी! पण माणूस शेवटी व्यापारी. जरा वेळानं डोकं खाजवत आला आणि म्हणाला, "दादा, पाच मानसांपेक्षा चार मानसांनी लवकर केलात. एक जागा मोकली झाली तं काम पलाला लागलं. मंग अजून एक मोकली झाली तं काय व्हईल?" हसला तो, थट्टा केली. टोळीतलं कोणच हसलं नाय. थप्पीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. स्वराजनं बघितलं. गाडीतल्यानं वाकून बघितलं. वयानं मोठा कोण, खांदा कुणाचा गेलाय, बीपी कुणाला... सगळ्यांनी आपलं माझ्याकडंच बघितलं हो!

तेव्हापासनं टोळीत माझी लय काळजी घेतात. काका दमलात का, काका पाणी पिता का... काल तर हाताला धरून नळावर पाठवलं. मी गेलो. ओंजळ भरली, पाठ साखळीकडं. आणि मागनं थप्पीवाल्याचा आवाज, अरे थांब, बाबासो जागेवर नाय! पण साखळीतल्या दुसऱ्या माणसानं सवयीनं टाकलं होतं. माझ्या जागेवर. मी इथं नळावर, तिथं कोण नाय, आणि पुढची जागाही मोकळी! मी डोळे मिटले. आता फट्ट होणार, म्हटलं, व्हायलाच पायजे, मी तर जिवंत आहे ना!

आवाज आला नाय.

आता बाजीराव दोन जागा सांभाळतोय, की माझ्या जागेवर मीच उभा होतो, ते मला ठाऊक नाय. मी वळून बघितलं नाय. पाणी प्यायलो, तोंड पुसलं, आणि परत जाऊन साखळीत उभा राहिलो. जरा कडेला. आधीच कोण उभं असलं, तर माणसाला थोडं सरकून घ्यावं लागतंच की.